बिनलोखंडाची बोट

“अंगावर लोखंड कुणाच्या राहिलंय का? एकदा नीट आठवा,” सुलक्षणा म्हणाली.

शिरवेळच्या पुळणीवर आम्ही तिघं उभे होतो आणि मधे वाळूत एक सूप ठेवलं होतं. माझं घड्याळ, घराची किल्ली, पट्टा, खिशाला लावलेली टाचणी असं सगळं त्यात पडलं होतं. सुलक्षणाच्या वडिलांनी, दामू तांडेलांनी, कमरेची सुरी आणि चुन्याची डबी काढून ठेवली आणि ते माझ्याकडे निरखून बघू लागले.

“मास्तरांची कवळी रवली. तिका तार आसा.”

“ती लोखंडाची नाही हो,” मी म्हटलं.

“मगे कसली? सोन्याची? तुमच्या पेन्शनीत?”

सुलक्षणा हसली. “राहू दे बाबा. सर, यंत्राजवळ फक्त तोंड उघडू नका.”

“मास्तर आणि तोंड मिटून!” दामू म्हणाले. “त्यापरास कवळीच काढा.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. समुद्र त्या सकाळी तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता, आणि पुळणीवर आम्ही तिघं हसत होतो, हे मला अजून पक्कं आठवतं.

सुलक्षणा कुबल माझी विद्यार्थिनी. शिरवेळच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. त्यात प्रश्न विचारून मला घाम फोडणारी मुलं मोजकीच निघाली, त्यातली ही पहिली. पुढे ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेली आणि तिथे तिने एक यंत्र बनवलं. पेट्यांवर ‘क्वांटम चुंबकमापक’ असं लिहिलेलं होतं. गाव त्याला ‘सुलूचं भांडं’ म्हणे. आत मुठीएवढी काचेची डबी, डबीत एका धातूची वाफ, आणि त्या वाफेवर सोडलेला लेसरचा प्रकाश. वाफेतला एकेक अणू म्हणजे एक हळवं होकायंत्र. भरल्या रांजणात टाचणी पडली तरी रांजणाला कळावं, तसं दूरवर खोल पाण्यातून लोखंड सरकलं तरी त्या अणूंना कळायचं.

खोल पाण्यातून सरकणारं लोखंड म्हणजे पाणबुडी. नौदलाला हवं होतं ते तेच.

पण इतक्या हळव्या यंत्राला न्यायचं कशातून? लोखंडी बोटीवर ठेवलं तर त्याला बोटच दिसायची. फायबरच्या बोटीही आतून नटबोल्टांनी भरलेल्या. शेवटी सुलक्षणाला आपल्या बापाची बोट आठवली. ‘सातेरी प्रसन्न’ ही किनाऱ्यावरची बहुधा शेवटची जुनी लाकडी बोट. फळ्या फणसाच्या, खिळे तांब्याचे. इंजिन उतरवलं, नांगर काढला, कड्या काढल्या, आणि बोट अशी झाली की लोहचुंबक फिरवलं तरी कुठे चिकटेना. नौदलाची बोट लांबलचक नायलॉनच्या दोरानं तिला ओढणार आणि दामूंनी नुसतं सुकाणू धरायचं, असं ठरलं. दामूंनी एकच अट घातली होती.

“मास्तर वांगडा येतले तर मी येतंय. ते साहेब काय बोलतत ता माका समाजत नाय, आणि ह्या चेडू काय बोलता ता तर अजिबात नाय.”

म्हणून मी. माझ्याकडे वायरलेस सांभाळायचं काम दिलं होतं. तो मागच्या बाजूला, दामूंच्या शेजारी, कारण यंत्र पुढे नाळेवर बसवलं होतं.

आदल्या रविवारी शाळेच्या पडवीत मी गावाला हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्यात मला फार मजा आली होती, हे कबूल करायला हवं. पाटावर होकायंत्र ठेवलं, घरातून विळी आणली, आणि विळी लांबून जवळ आणली तशी सुई कशी वळते ते मुलांना दाखवलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. ती पांगल्यावर दामू मागे राहिले.

“मास्तरानू, ह्या भांडा पाणबुडी शोधता. आपली की त्येंची?”

“कुणाचीही. अणूंना देश कुठला कळायला?”

“आणि आपल्याच बोटीत लोखंड असला तर?”

“मग यंत्राला तेवढंच दिसणार. डोळ्याशी अंगठा धरला की डोंगर दिसत नाही ना, तसं.”

त्यांनी मान हलवली. मुलांनी मान हलवली की समजलं की नाही ते मला ओळखता येतं. दामूंना समजलं होतं.

आम्ही निघालो. बंदराबाहेर पडलो तशी पुढची बोट एवढीशी दिसू लागली, दोर पाण्यातून वर येई, ठिबके आणि परत बुडे. इंजिनाचा आवाज नाही, पाणी फक्त फळ्यांना लागून बोलत होतं. वायरलेसवर कमांडर ठकार होते. त्यांचा आवाज शांत, थोडा दमल्यासारखा.

“कुबल मॅडम, आमची पाणबुडी ठरल्या पट्ट्यात आहे. कुठे आणि किती खोल, ते तुम्हाला सांगणार नाही. ती एकदा तुमच्या वाटेत आडवी जाईल. शोधा.”

“ठीक आहे सर,” मी सुलक्षणाच्या वतीने म्हटलं. ती पुढे पडद्यावर वाकली होती. पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ चालली होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

मध्यंतरी दामूंच्या खेकड्यांच्या सापळ्याचा लाल बोया बाजूने आला. त्यांनी वाकून काठीने त्याची दोरी ओढून घेतली. मला वाटलं, सुकाणूत अडकू नये म्हणून बाजूला करताहेत. ते परत सुकाणूशी बसले. मी त्यांना विचारलं, “प्रल्हादचा फोन आला होता का?”

प्रल्हाद म्हणजे सुलक्षणाचा धाकटा भाऊ. तो नौदलात होता, पाणबुडीवर. पाणबुडीवरच्या माणसांच्या घरची एक रीत असते: कुठे, कधी, किती दिवस, हे विचारायचं नाही. फोन लागेनासा झाला की समजायचं, पोरगा पाण्याखाली गेला. परत लागला की आला वर.

“लागणा नाय,” दामू म्हणाले. “बरेच दिवस झाले.”

तेवढ्यात पुढून सुलक्षणा ओरडली. “सर! वायरलेस हलवलात का?”

“नाही गं. मांडीवरच आहे.”

“मग हे काय?” हिरवी रेघ वर-खाली उड्या मारू लागली होती. ती यंत्राच्या वायरी तपासू लागली, खाली वाकून फळ्या चाचपू लागली. “लाट आहे का? बाबा, बोट इतकी हलते का?”

“समुद्र आसा तो. हलतलोच.”

पण समुद्र हलत नव्हता. सुलक्षणाने यंत्र बंद करून पुन्हा लावलं, काहीतरी पुटपुटली, पुन्हा बंद केलं. मी आपला मुलांच्या परीक्षेत पर्यवेक्षक बसतो तसा बघत होतो, मदत करायची इच्छा असून करता न येणारा. असा बराच वेळ गेला, आणि मग वायरलेस खरखरला.

“मॅडम, पाणबुडी तुमच्या खालून गेली. काय दिसलं?”

सुलक्षणा ताठ उभी राहिली. मागे आमच्यापर्यंत आली ती वायरलेस घ्यायला. पण तिचा हात माझ्यापर्यंत आलाच नाही. बोटीच्या कडेला दामूंच्या पायाशी एक खुंटी होती. खुंटीला दोरी गुंडाळली होती, आणि ती दोरी सरळ खाली पाण्यात गेली होती.

तिने दोरी ओढली. ओढत राहिली. पाण्यातून साखळी आली आणि साखळीला लटकलेली चार फाळांची लहान लोखंडी नांगरी आली, खेकड्यांच्या सापळ्याची.

नांगरीतून पाणी गळत होतं.

“माझी दोरी ती,” दामू म्हणाले. “वाटेत गावली.”

“बोया इथे कधी टाकलात बाबा? तुम्ही इकडे सापळे लावत नाही.”

“काल.”

“मॅडम, ऐकू येतंय का?” ठकारांचा आवाज आला.

मी वायरलेसचं बटण दाबलं आणि म्हटलं, “सर, जरा थांबा, त्या आकडे बघताहेत.” का म्हटलं कोण जाणे. वर्गात एखादं पोर रडवेलं झालं की त्याला थोडा वेळ मिळवून द्यायची सवय असते हाताला, त्यानेच बहुधा.

सुलक्षणा बापासमोर खाली बसली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

“का?”

“प्रल्हाद खाली होतो काय?”

“मला सांगत नाहीत ते. कुठली पाणबुडी, कोण आत, काही नाही.”

“माका पण नाय सांगनत. पण कुणाचो तरी झील, कुणाचो तरी पोरगो होतो मा आत?” दामूंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “लपान रवता म्हणान जितो आसा तो. तू तेका उघडो पाडूक इल्लंस.”

“बाबा, मी त्याला पकडायला नाही आले. तो पकडला जाऊ शकतो का, ते बघायला आले. जाऊ शकत असेल, तर त्याला तिथे पाठवू नका, एवढं सांगायला. ऐका. पलीकडच्या देशात एक प्रयोगशाळा आहे. हेच यंत्र बनवतात ते. दरवर्षी त्यांचे निबंध छापून यायचे, मी सगळे वाचायची. दोन वर्षांपूर्वी एकदम बंद झाले. लोक छापायचे कधी थांबतात माहीत आहे?”

मी विचारलं, “कधी?”

“पोचल्यावर, सर. मुक्कामाला पोचल्यावर.”

मग तिने मला नाही, बापालाच समजावलं, अगदी सोप्या शब्दांत. दोन शेजारी आहेत, दोघांच्या मनात वैर. दोघांकडे दगड. पण प्रत्येकाने एक दगड कुठेतरी लपवून ठेवलाय, दुसऱ्याला न कळेल असा. मग कुणी पहिला दगड मारत नाही. कारण समोरच्याचं सगळं घर फोडलं तरी तो लपवलेला दगड उलटून येणार. पाणबुडी म्हणजे तो लपवलेला दगड. “आता त्यांना तो दिसतोय, बाबा. आणि आपले लोक समजताहेत की अजून लपलेलाच आहे. हे फार वाईट आहे. हे कुणीतरी सांगायला हवं की नाही?”

दामूंनी ऐकून घेतलं. दोर ताणला की सुकाणू आपोआप हलत होतं, त्यांचा हात त्यावर होताच.

“आणि तू सांगितलंस, मगे? आपले लोक काय करतले?”

“पाणबुड्या जवळ आणतील. दुसरा काहीतरी मार्ग काढतील.”

“आणि त्येंच्यो पाणबुड्यो शोधतले. तुझ्या ह्या भांड्यान.”

“हो. शोधतील.”

“म्हणजे दोघांचेय दगड उघड्यार. मगे पहिलो दगड मारूक कोण थांबतलो गो?”

सुलक्षणा उत्तर देणार म्हणून मी तिच्याकडे बघितलं. शाळेत तिच्याकडे उत्तर नसलं की ती खालचा ओठ दातांत धरायची. तिने तो धरला होता.

“माका शाळा नाय,” दामू म्हणाले. “पण माका असा वाटता, तू सांग नायतर नको सांगू, दोन्हीकडसून आमचोच झील जातलो.”

वायरलेस पुन्हा खरखरला. “मॅडम, सांगा काय ते. दिसली की नाही?”

“पुन्हा एक फेरी मिळेल का विचारा,” ती मला म्हणाली. मी विचारलं. ठकार म्हणाले, नाही. पाणबुडी तिच्या कामाला निघाली, आता पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि वरून आलेला हुकूम असा की आज जे होईल त्यावर या कामाचं पुढचं ठरणार.

“खरं सांगून टाक,” मी सुलक्षणाला म्हटलं. दुसरं काही मला सुचलं नाही. जन्मभर मी मुलांना प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहायला लावलं होतं.

“खरं म्हणजे काय सर? नांगरी सांगायची? बाबांनी सही केलीय कागदावर. देशाच्या कामात मुद्दाम विघ्न आणलं म्हणून आज पुळणीवरूनच नेतील त्यांना.”

“सांग गो,” दामू म्हणाले. “जातंय मी. तुरुंगात मासे गावचे नाय इतक्याच. पण भांडा चलता म्हणान नको सांगू.”

“दोन्ही एकदम होत नाही, बाबा. नांगरी सांगितली की यंत्र चालतं हे आपोआप आलंच.”

आई घरी तिच्यासाठी सोलकढी करून बसली असेल, आणि ही इथे पाण्याच्या मध्यभागी बापाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. मला एकदम ती चौथी-पाचवीतली दिसली, फळ्यासमोर खडू घेऊन उभी. तेव्हा तिला मी मागून हळूच एखादा शब्द सांगत असे. आज माझ्याकडे तो शब्द नव्हता.

तिने माझ्या मांडीवरून वायरलेस घेतला.

“काही दिसलं नाही, सर.”

“वाट पाहू का अजून? आकडे नीट बघितले?”

“बघितले. यंत्र समुद्रात चालत नाही. प्रयोगशाळेत चालतं, इथे नाही.”

मग ठकारांचा आवाज आला, आणि आता तो अधिकाऱ्याचा नव्हता.

“वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. तुमची मेहनत मला दिसते. पण खरं सांगू? माझी सगळी नोकरी पाणबुडीत गेली. आज ऐकून बरं वाटलं. लपायला जागा आहे अजून.”

सुलक्षणाने वायरलेस माझ्या हातात दिला, नाळेवर गेली आणि यंत्रावर ताडपत्री घालून तिच्या कडा एकेक करून दाबत बसली. दामूंनी साखळी, नांगरी, दोरी, सगळं हळूच पाण्यात सोडून दिलं. त्या सगळ्या वाटेत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, आणि पुळणीवर उतरताना दामूंनी तिला हात दिला तो तिने धरला.

काम बंद झालं. पेट्या पुण्याला गेल्या. सुलक्षणाला दुसऱ्या विभागात टाकलं. दामूंनी बोटीवर इंजिन परत चढवलं आणि प्रल्हाद पुढच्या सुट्टीत आला तेव्हा गावभर मोरी माशाचं कालवण वाटलं. मी विचारलं त्याला, “काय रे, खाली कसं वाटतं?” तो म्हणाला, “घरापेक्षा सुरक्षित, सर. कुणाच्या बापाला सापडत नाही आम्ही.” दामू शेजारी बसले होते. ते हसले. सुलक्षणा त्या वेळी आली नव्हती.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर सीमेवर काहीतरी झालं. कुणी सुरू केलं, ते दोन्हीकडचे लोक अजून वेगवेगळं सांगतात. अशा गोष्टी आधीही झाल्या होत्या आणि थोड्या दिवसांत निवळल्या होत्या. या वेळी निवळेना. निवृत्त झालेल्या मला शाळेने पुन्हा बोलावलं; आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले, आणि भोंगा वाजला की बाकाखाली कसं बसायचं हे मी पहिलीच्या मुलांना शिकवलं. मुलांना तो खेळच वाटला. एकमेकांना गुदगुल्या करून ती बाकाखाली हसत होती. मी त्यांना ओरडलो नाही.

मग एका सकाळी बातम्यांत एक वाक्य आलं. सरावादरम्यान अपघात, एका पाणबुडीशी संपर्क तुटला. पलीकडचा देश काही बोलला नाही. जो बोलत नाही त्याला सगळं माहीत असतं, हे आता आम्हाला कळू लागलं होतं. उरलेल्या पाणबुड्या दुसऱ्या दिवशी बंदरात आल्या, आणि आल्या हे पलीकडे कळल्यावर तिथले लोक आणखी घाबरले: आता हे आपले दगड हाताशी का घेताहेत? घाबरून त्यांनी आपले बाहेर काढले. ते बघून आपण आपले. तेव्हापासून आजपर्यंत दोन्हीकडे कुणीच उगारलेला हात खाली घेतलेला नाही. याला हल्ली शांतता म्हणतात. माझी पहिलीची मुलं आता दाढी करू लागली, आणि बाकाखाली बसायचा तास अजून दर शनिवारी होतो.

प्रल्हादचा फोन लागत नव्हता. घरात कुणी म्हणत नव्हतं, की रीत आहे, वाट बघायची. जयवंतीवहिनी, म्हणजे त्याची आई, फोन उशाशी घेऊन बसायच्या, आणि कुणी दाराशी आलं की विचारायच्या, “रेंज आसा काय रे तुमच्याकडे?”

असे काही दिवस गेले आणि कमांडर ठकार स्वतः शिरवेळला आले. सुलक्षणाही त्यांच्याच गाडीतून उतरली. मागच्या गाडीत पेट्या होत्या. मी तिथेच होतो, रोज जाऊन बसत असे. ठकार अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“पाणबुडी तळाशी असावी,” ते म्हणाले. “नेमकी कुठे, ते ठाऊक नाही. आमच्या जहाजांना सापडत नाही. दुसऱ्या कुणाच्या आधी आम्हाला ती सापडायला हवी. दामोदरराव, मला तुमची बोट हवी आहे.”

दामूंनी विचारलं, “कोण जितो असात?”

ठकारांनी टोपी काढली.

सुलक्षणा तोंड फिरवून म्हणाली, “सर, त्या दिवशी यंत्र…”

“मॅडम, त्या दिवशी यंत्र का चाललं नाही ते मी विचारलेलं नाही,” ठकार म्हणाले. “आजही विचारत नाही. विचारून मी कुठे जाऊ? त्या दिवशी मीच खूश झालो होतो.”

दामू उठले आणि पुळणीवर गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी इंजिनाचे बोल्ट सोडायला घेतले होते. कुणाला हात लावू दिला नाही. बोट त्यांनी एकट्याने रिकामी केली, फळीन फळी तळहातानं चाचपली, आणि मग बोटीत चढून सुकाणूशी जाऊन बसले. या वेळी कुणी थट्टा केली नाही. मी माझी कवळी काढून रुमालात बांधली आणि पुळणीवर ठेवून आलो.

आम्ही दोन दिवस फेऱ्या मारल्या. जाताना एक पट्टा, येताना शेजारचा पट्टा, शेतात नांगर चालावा तसं. यंत्र असं चाललं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. लांबून गेलेला एक मासेमारीचा ट्रॉलर त्याने ओळखला, तळाशी पडलेला कधीचा एक नांगर ओळखला. हिरवी रेघ संथ होती, आणि सुलक्षणा तिच्यासमोर न हलता बसली होती. जेवणाचा डबा आम्ही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर रेघ वर उचलली गेली. हळूहळू, एखाद्या डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जावी तशी वर गेली, आणि तशीच हळूहळू पलीकडे उतरली. त्यात शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती. इतकी स्पष्ट आकृती मी पाठ्यपुस्तकातही बघितलेली नाही.

सुलक्षणाने मागे वळून बघितलं. दामूंनीच विचारलं.

“गावलो?”

तिने मान हलवली.

“किती खोल?”

तिने सांगितलं. दामूंनी पाण्याकडे बघितलं. एवढ्या खोल कुणाचं जाळं जात नाही, कुणाचा दोर पुरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी वायरलेसवर ठकारांना कळवलं. पुढच्या बोटीवर कुणीतरी तरुण तंत्रज्ञ असावेत. वाऱ्याबरोबर टाळ्यांचा आवाज आला आणि मधेच तुटला, कुणीतरी त्यांना गप्प केलं. मग ठकारांचा आवाज आला. ते शब्द जुळवत होते.

“मॅडमना सांगा… जागा पक्की करायला उलट दिशेने एक फेरी लागेल. त्याशिवाय वर कळवता येत नाही. आणि त्यांना म्हणावं, फेरी सरळ हवी. बोट जरा इकडे-तिकडे झाली तर जागा चुकते.” थोडं थांबून ते म्हणाले, “दामोदररावांना जमणार नसेल तर मी माझा माणूस पाठवतो.”

दामूंनी ते ऐकलं होतं. मला सांगावं लागलं नाही.

“नको,” ते म्हणाले. “त्येंच्या माणसाक ही बोट ठाऊक नाय.”

पुढची बोट वळली, दोर ताणला, आणि आमची बोट त्याच्यामागे वळली. दामूंनी सुकाणू दोन्ही हातांनी धरलं, छातीशी घेतलं. समोर सुलक्षणाची पाठ होती आणि तिच्यापुढे ती हिरवी रेघ. तिने हात वर केला की उजवीकडे, खाली केला की डावीकडे, असं त्यांचं ठरलं होतं. पण तिचा हात वर-खाली झालाच नाही. दामूंनी आपल्या मुलाच्या डोक्यावरून बोट नेली, सुतासारखी सरळ.